'चिकन' म्हणजे काय? एका शब्दापायी न्यायालयात गेलेला १९५७ चा सौदा

न्यू यॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने २७ डिसेंबर १९६० रोजी एक निकाल दिला. त्या निकालपत्रात वादाचा मुद्दा एका ओळीत मांडला आहे: प्रश्न असा आहे की, चिकन म्हणजे काय? निकाल लिहिणारे न्यायाधीश हेन्री फ्रेंडली हे खरे तर वरच्या अपील न्यायालयाचे, पण हा खटला चालवण्यासाठी ते जिल्हा न्यायालयात बसले होते. खटल्याचे नाव 'फ्रिगालिमेंट इम्पोर्टिंग कंपनी विरुद्ध बीएनएस इंटरनॅशनल सेल्स कॉर्पोरेशन'. फ्रिगालिमेंट ही माल घेणारी स्विस कंपनी, बीएनएस ही माल देणारी न्यू यॉर्कची कंपनी. अमेरिकेत करारकायदा शिकणाऱ्यांना हा निकाल हमखास वाचायला लागतो. मात्र तो वकिलांपुरता राहू नये. इंग्रजीत ऑर्डर लिहिणारा निर्यातदार, खरेदी खात्यातला माणूस आणि अनुवादक या तिघांच्याही रोजच्या कामातला पेच त्यात आहे.

करारात काय लिहिले होते

दोन्ही करार २ मे १९५७ चे. मालाचे वर्णन असे: अमेरिकी ताजे गोठवलेले चिकन, ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेले, आतडी-कोथळा काढलेले. प्रत्येक पक्षी क्रायोव्हॅकच्या, म्हणजे हवाबंद प्लॅस्टिकच्या, पिशवीत वेगळा बांधायचा आणि निर्यातीला चालेल अशा पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी खोक्यांत भरायचा. पहिल्या करारात अडीच ते तीन पाउंड वजनाचा माल ७५,००० पाउंड, दर पाउंडाला ३३ सेंट. आणि दीड ते दोन पाउंड वजनाचा माल २५,००० पाउंड, दर साडेछत्तीस सेंट. माल १० मे रोजी निघायचा होता. दुसरा करार शब्दशः तसाच, फक्त मोठा माल ५०,००० पाउंड, लहान मालाचा दर ३७ सेंट आणि रवानगी ३० मे.

आपल्या मापात मोठा पक्षी साधारण १ किलो १३० ग्रॅम ते १ किलो ३६० ग्रॅम, लहान पक्षी ६८० ते ९१० ग्रॅम. म्हणजे वजन, दर्जा, तपासणी, वेष्टन, खोके, तारीख, दर हे सगळे काटेकोर लिहिले होते. पक्षी कोवळा हवा की जुना, एवढेच कुठे नव्हते. ते काम 'चिकन' या शब्दावर सोडले होते.

स्वित्झर्लंडमध्ये काय उतरले

पहिला माल पोहोचल्यावर २८ मे रोजी खरेदीदाराने तो पाहिला. लहान पक्ष्यांबद्दल तक्रार नव्हती. मोठे पक्षी मात्र भाजण्या-तळण्याजोगे कोवळे नव्हते. त्या वयस्क माद्या होत्या, ज्यांना अमेरिकी व्यापारात 'स्ट्यूइंग चिकन' किंवा 'फाऊल' म्हणतात. कित्येक खोक्यांवर आणि पिशव्यांवर तसे स्पष्ट छापलेले होते, म्हणजे लपवाछपवी काही नव्हती.

फरक किती मोठा आहे, हे मटण-चिकनच्या दुकानात उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्याकडे बोर्डावर नुसते 'चिकन' असले की मिळतो तो ब्रॉयलर. गावरान हवी तर तसे सांगावे लागते आणि अंड्यावरून उतरलेली लेअर कोंबडी वेगळ्या भावाने जाते. वय वाढते तसे स्नायूंतल्या कोलॅजेनच्या तंतूंचे एकमेकांशी बंध घट्ट होत जातात. असे मांस भट्टीत किंवा तेलात टाकले की चामट होते. मंद आचेवर, पाण्यात, बराच वेळ शिजवले तरच ते कोलॅजेन विरघळून रस्सा दाट होतो. म्हणून अशा कोंबडीला रश्श्यात मान आहे, रोस्टमध्ये नाही. आणि अंड्यासाठी पाळलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीची मादी सोलून साफ केल्यावर बरोबर या अडीच-तीन पाउंडांच्या आसपास भरते. नुसत्या वजनावरून ती ब्रॉयलरपासून वेगळी काढता येत नाही, आणि वाद जन्मला तो इथेच.

स्विस कंपनीने २८ मे रोजीच दोन तारा करून हा माल 'फाऊल' असल्याची तक्रार केली. बीएनएसने तक्रार फेटाळली आणि उलट तारेने विचारले: आमच्याकडे आज ५०,००० पाउंड अडीच-तीन पाउंडी 'चिकन' आणि २५,००० पाउंड दीड-दोन पाउंडी 'ब्रॉयलर' तयार आहेत, पाठवायचे का आणि तुम्ही घेणार का? या तारेतली शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. करारात दोन्ही वजनांना एकच शब्द होता. आता विक्रेत्याने लहानांना 'ब्रॉयलर' म्हटले आणि मोठ्यांना नुसते 'चिकन'. खरेदीदाराने २९ मे रोजी कळवले की माल आम्ही पुढे विकून बसलो आहोत, तुमच्या कराराप्रमाणे ग्रेड ए चिकन पाठवा आणि होणाऱ्या सगळ्या खर्चाला तुम्ही जबाबदार. त्याच दिवशी दुसरी खेप निघाली, मोठे पक्षी पुन्हा तसलेच. ती खेप शेवटी रॉटरडॅमला थांबवली गेली.

शब्दाच्या पोटात काय काय आहे

इंग्रजी 'चिकन' मुळात पिल्लाचे नाव. जुन्या इंग्रजीपासून तो कोवळ्या पक्ष्यासाठी वापरला गेला. अंडी उबण्याआधी पिल्ले मोजू नयेत, अशा अर्थाच्या त्यांच्या म्हणीत तोच अर्थ शिल्लक आहे. पुढे तो सरसकट जातीचे नाव झाला, मग त्या जातीच्या मांसाचे, आणि भेकड माणसालाही तोच चिकटला. न्यायाधीश म्हणतात की शब्दकोश दोन्ही पक्षांचे अर्थ देतात आणि या वादाशी संबंध नसलेले आणखी काही अर्थही देतात.

शब्दाला दहा अर्थ असणे ही अडचण नाही. भेकड माणूस आणि पक्षी यांची गल्लत कुणी करत नाही, कारण ते अर्थ एकमेकांपासून लांब आहेत आणि संदर्भ एका झटक्यात निवाडा करतो. घोटाळा होतो तो एक अर्थ दुसऱ्याच्या पोटात असतो तेव्हा. 'चिकन' हे आख्ख्या वर्गाचेही नाव आणि त्या वर्गातल्या एका प्रकाराचेही. मराठीत 'कोंबडी' तशीच आहे: 'कोंबडीपालन' म्हटले की नर-मादी सगळे आले, 'कोंबडा-कोंबडी' म्हटले की फक्त मादी. अशा शब्दांत दोन्ही अर्थ एकाच वाक्यात, एकाच दरपत्रकात, एकाच तारेत व्यवस्थित बसतात. वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही, म्हणून तो विचारत नाही.

पुरावा: एकेक थर

करारातले शब्दच आधी पाहिले गेले. स्विस कंपनीचे म्हणणे: दीड-दोन पाउंडाचे पक्षी कोवळेच असू शकतात, मग त्याच करारातल्या मोठ्या पक्ष्यांसाठी तोच शब्द आहे तर तेही कोवळेच असले पाहिजेत. ऐकायला हे पटते. न्यायाधीशांना ते पटले नाही. दोन आकारांची सफरचंदे मागवली तर दोन वेगळ्या जातींची देता येतात, जरी दोन्ही आकारांत मिळणारी जात एकच असली तरी, असे त्यांनी लिहिले.

मग तारा. दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार बहुतांश जर्मनमध्ये चालला होता, पण मालाचे नाव मुद्दाम इंग्रजीत, 'चिकन' असे घातले होते. खरेदीदाराचा खुलासा असा: जर्मन 'हून' या शब्दात भाजायची कोंबडी 'ब्राटहून' आणि सुपाची कोंबडी 'झुप्पनहून' अशा दोन्ही येतात, तो मोघमपणा टाळण्यासाठीच आम्ही इंग्रजी शब्द घेतला, कारण आमच्या समजुतीप्रमाणे 'चिकन' म्हणजे कोवळा पक्षी. जर्मन उत्तम जाणणाऱ्या बीएनएसच्या लोकांनी हे ओळखायला हवे होते. परभाषेतला शब्द घेतला की तो आपल्या शब्दापेक्षा नेमका असणार, ही समजूत इथे उघडी पडते. 'हून'मधून सुटायला निवडलेला शब्द 'हून'इतकाच ऐसपैस होता.

शिवाय विक्रेत्याच्या अधिकाऱ्याने साक्ष दिली की त्याने खरेदीदाराच्या न्यू यॉर्कमधल्या प्रतिनिधीला विचारले होते, कसले चिकन हवे? उत्तर आले, कसलेही. मग त्याने जर्मनमध्ये विचारले, म्हणजे 'हून' का? उत्तर आले, हो. फ्रिगालिमेंटने यावर आक्षेप घेतला की त्या प्रतिनिधीला तारेचा अर्थ लावण्याचा अधिकार नव्हता. न्यायाधीशांचे उत्तर माझ्या मते या निकालातले सर्वांत धारदार वाक्य आहे. त्याचा आशय असा: आपण पाठवलेली तार कराराचा शब्दकोश म्हणून पुढे करायची आणि तो शब्दकोश ज्याच्या हाती दिला त्याने सांगितलेला अर्थ मात्र नाकारायचा, हे एकाच वेळी चालणार नाही.

व्यापारातली रूढी हा तिसरा थर. विक्रेता कोंबड्यांच्या धंद्यात नवखा होता. नवख्यावर धंद्याची रूढी लादायची तर एकतर त्याला ती प्रत्यक्ष माहीत होती हे दाखवावे लागते, किंवा ती इतकी सर्वज्ञात आहे की त्याला माहीत असणारच, हे तरी. खरेदीदाराच्या साक्षीदारांना तेवढे जमले नाही. स्विस सहकारी संस्थांसाठी न्यू यॉर्कमध्ये खरेदी करणारा एक जण म्हणाला, 'चिकन' म्हटले की मी ब्रॉयलरच समजेन. पण तो स्वतः खरेदी करताना कोवळ्यासाठी 'ब्रॉयलर' आणि जुन्यासाठी 'फाऊल' असेच लिहीत असे. रोजचे बाजारभाव छापणाऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने ब्रॉयलर-फ्रायर, म्हणजे भाजण्या-तळण्याजोगा कोवळा पक्षी, असा अर्थ सांगितला. उलट बाजूने न्यू जर्सीतल्या कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्याचा मालक आला. त्याच्या लेखी हंस, बदक आणि टर्की सोडून सगळे चिकनच; कोणत्या प्रकारचे ते मात्र तुम्हाला सांगावे लागते.

चौथा थर सरकारी नियमांचा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमावलीत 'चिकन' या शीर्षकाखाली वर्ग दिले होते: ब्रॉयलर किंवा फ्रायर, रोस्टर म्हणजे रोस्ट करायचा पक्षी, केपॉन म्हणजे खच्ची केलेला नर, स्टॅग म्हणजे वयात येणारा नर, हेन किंवा स्ट्यूइंग चिकन किंवा फाऊल, आणि कॉक म्हणजे जुना कोंबडा. करारात 'ग्रेड ए, सरकारी तपासणी झालेले' हे शब्द असल्याने तिरकस का होईना, या नियमावलीकडे बोट दाखवले गेले होते, आणि नियमावलीत सुपाची कोंबडी चिकनच होती.

दर काय सांगतो

शेवटचा थर पैशांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार. एप्रिल १९५७ च्या अखेरीस अडीच-तीन पाउंडी ब्रॉयलरचा बाजारभाव पाउंडाला ३५ ते ३७ सेंट होता. करारातला ३३ सेंट हा दर खरेदीदाराच्याच तारेतून आला होता. बीएनएसने जुन्या कोंबड्या ३० सेंटने घेतल्या.

हिशेब करून पाहा. पहिल्या करारातले ७५,००० पाउंड ब्रॉयलर ३५ सेंटने घेऊन ३३ ने विकले असते तर १,५०० डॉलर खोट. ३७ ने घेतले असते तर ३,००० डॉलर. जुन्या कोंबड्या ३० सेंटने घेतल्याने खर्च धरण्याआधी २,२५० डॉलर सुटत होते. खरेदीदाराने युक्तिवाद केला की ३३ हा आकडा ३० पेक्षा ३५ ला जवळचा आहे. न्यायाधीशांनी तो मोडीत काढला: विक्रेता थोडाफार नफा कमावणार हे खरेदीदाराने धरलेच असणार, तो जाणूनबुजून तोटा सोसेल अशी अपेक्षा तर नक्कीच नसणार.

दर हा शब्दाचा भाष्यकार असतो. मालाचे नाव मोघम असेल, पण त्यापुढचा आकडा क्वचितच मोघम असतो. परदेशी चौकशी आली आणि मागितलेला माल त्या भावात बाजारात मिळतच नाही असे दिसले, तर समोरच्याच्या मनातला माल वेगळा आहे, ही शंका तिथेच घ्यायची.

निकाल, आणि त्यात काय सलते

खरेदीदार खटला हरला. जो म्हणतो की शब्द रुंद नव्हे, अरुंद अर्थाने वापरला, त्यानेच ते सिद्ध करायचे. फ्रिगालिमेंटला ते करता आले नाही. विक्रेत्याच्या मनात काय होते एवढ्यावर काहीच ठरले नसते. पण त्याच्या मनातला अर्थ शब्दकोशातल्या एका अर्थाशी, कृषी खात्याच्या व्याख्येशी, धंद्यातल्या निदान काहींच्या वापराशी, बाजारातल्या वस्तुस्थितीशी आणि खरेदीदाराच्या माणसाने सांगितलेल्या अर्थाशी जुळत होता.

तर्क घट्ट आहे. तरी एक गोष्ट सलते. बीएनएसला माल देणाऱ्यांपैकी एकाने 'चिकन'ची मागणी आल्यावर लगेच विचारले होते, फाऊल हव्यात की तळायच्या? आणि फ्रिगालिमेंटने करार स्वीकारल्यावर एक-दोन दिवसांतच या पुरवठादाराने बीएनएसला कागदावर 'चिकन'ऐवजी 'स्ट्यूइंग चिकन' असा बदल करायला सांगितले. म्हणजे शब्दाला दोन तोंडे आहेत हे विक्रेत्याच्या टेबलावर लेखी पडले होते. तीच दुरुस्ती पुढे स्विस करारात उतरवली असती तर सौदा फिसकटला असता किंवा दर वाढला असता, पण माल समुद्रावर जाण्याआधी. फ्रेंडली यांनीही पुढल्या वर्षी दुसऱ्या एका खटल्यातल्या आपल्या भिन्नमतात या निकालाची आठवण काढली आणि सुचवले की दोघांच्या मनांत वेगळे अर्थ होते म्हणून नुकसान जिथे पडले तिथेच राहू द्यावे, या पायावर तो ठेवणे अधिक बरे झाले असते.

अशी ऑर्डर कशी लिहावी

या सौद्यात एक शब्द पुरला असता: 'ब्रॉयलर'. तो नसेल तर मालाच्या अंगावर तपासता येईल अशी खूण लिहावी. कोंबडीत ती खूण छातीच्या हाडाच्या टोकाशी असते. कोवळ्या पक्ष्यात ते टोक कुर्चेचे असते आणि बोटाने दाबले की वाकते. साधारण दहा महिन्यांपुढच्या मादीत ते हाड होऊन ताठ झालेले असते. 'छातीच्या हाडाचे टोक लवचिक असावे' हे वाक्य कुठल्याही भाषेत गेले तरी बंदरावरचा तपासनीस ते बोटाने पडताळू शकतो. 'तरुण', 'उत्तम', 'निर्यातयोग्य' या विशेषणांना ती सोय नाही.

वजनासमोर कशाचे वजन ते लिहावे: जिवंत, की सोलून साफ केलेले, काळीज-पेटा धरून की सोडून. दोन आकारांच्या मालाला एकच नाव द्यायचे असेल तर वर्गाची अट दोन्ही ओळींत पुन्हा लिहावी. एका ओळीतली अट दुसरीला आपोआप लागत नाही, हे सफरचंदांच्या उदाहरणातून दिसलेच. पत्रव्यवहार दोन भाषांत असेल तर कोणत्या भाषेतला मजकूर बंधनकारक ते कलम घालावे आणि मालाच्या नावाला व्याख्या जोडावी. तोंडी खुलासा झाला तर त्याच दिवशी ईमेलने नोंदवावा आणि करारात उतरवून घ्यावा.

हे सीमाशुल्काच्या कोडवर सोडता येत नाही. गोठवलेल्या अख्ख्या कोंबडीचा एचएस कोड ०२०७.१२, त्यात गॅलस डोमेस्टिकस ही जात एवढेच आहे, ब्रॉयलर आणि लेअर दोन्ही त्याच कोडखाली जातात. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रे दाखवली की पैसे देण्याची बँकेची हमी, तीही हा पेच सोडवत नाही. यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक मालाशी नाही, कागदपत्रांशी व्यवहार करते. बिलावरचे मालाचे वर्णन क्रेडिटमधल्या वर्णनाशी जुळले की झाले. क्रेडिटमध्ये 'चिकन' असेल आणि बिलावर 'चिकन' असेल तर खोक्यात सुपाच्या कोंबड्या असल्या तरी पैसे जातात. म्हणून वर्गाचे नाव आणि हाडाची खूण क्रेडिटच्या वर्णनात आणि तपासणी प्रमाणपत्राच्या अटीतही उतरली पाहिजे.

आपल्या कायद्यात

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १३ प्रमाणे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. कलम २९ म्हणते की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो शून्य. त्याखालचे उदाहरण याच जातीचे आहे: 'अ'ने 'ब'ला शंभर टन तेल विकायचे कबूल केले, पण कोणते तेल हे कशावरूनही कळत नाही, तर करार शून्य. पुढच्या एका उदाहरणात 'अ' फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी आहे. तिथे मात्र त्याच्या धंद्यावरूनच तेल कोणते ते ठरते आणि करार टिकतो.

मुंबईशी थेट नाते असलेला याच धर्तीचा एक खटला इंग्लंडमध्ये १८६४ साली गाजला. मुंबईहून लिव्हरपूलला 'पीअरलेस' जहाजातून येणाऱ्या १२५ गाठी सुरती कापसाचा सौदा होता. 'पीअरलेस' नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरात आणि एक डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिले, देणाऱ्याच्या मनात दुसरे. तिथे घेणाऱ्याच्या बाजूने निकाल लागला. जहाजाच्या नावाला पोटातला आणि बाहेरचा असे दोन अर्थ नव्हते. दोन्ही जहाजे सारखीच खरी होती आणि कोणते ते सांगणारे करारात काहीच नव्हते. स्विस कंपनीच्या प्रकरणात मात्र नियमावली, दर आणि प्रतिनिधीचे उत्तर, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते.